असईची लढाई : मराठवाड्याच्या भूमीवरील तोफांचा संग्राम

छत्रपती संभाजीनगरहून ईशान्येकडे सिल्लोडमार्गे भोकरदनला जावे आणि तेथून पूर्वेकडे वळावे, म्हणजे काळ्या मातीच्या सपाट शिवारात केळणा आणि जुई या दोन लहान नद्या जवळजवळ समांतर वाहताना दिसतात. पुढे त्यांचा संगम होतो. या दोन प्रवाहांच्या बेचक्यात, जुई नदीच्या दक्षिण काठावर असई हे गाव वसलेले आहे. आज हा भाग जालना जिल्ह्यात मोडतो. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा निर्माण होईपर्यंत तो औरंगाबाद जिल्ह्यातच होता. वाटसरूला येथे डोंगर, दुर्ग अथवा तटबंदी असे काही विशेष आढळणार नाही. तथापि २३ सप्टेंबर १८०३ रोजी दुपारी तीनच्या सुमारास या बेचक्यात जी लढाई झाली, तिने दख्खनच्या राजकारणाची दिशा पालटली. शंभराहून अधिक तोफा एका बाजूस आणि अवघ्या सतरा तोफा दुसऱ्या बाजूस, अशी ही विषम लढत होती. तरीही सूर्यास्तापूर्वी शंभर तोफांच्या धन्यांना रणभूमी सोडावी लागली. असे का घडले, याचा उलगडा करावयाचा तर तोफा, माणसे आणि भूमी या तिन्हींचा विचार केला पाहिजे.

वेगाकडून तोफेकडे

असईचे महत्त्व ध्यानी येण्यासाठी पाऊणशे वर्षे मागे जावे लागते. फेब्रुवारी १७२८ च्या अखेरीस वैजापूर परिसरात, पालखेड येथे पहिल्या बाजीराव पेशव्यांनी निजामुल्मुल्काला कोंडीत पकडले होते. निजामाचा तोफखाना त्या काळी दख्खनमध्ये नामांकित होता. बाजीरावांनी त्याच्याशी समोरासमोर झुंज घेतलीच नाही. जालना, बुऱ्हाणपूर, खानदेश, गुजरात असा वेगवान फेरा मारून त्यांनी निजामाला आपल्या मागे धावावयास लावले. पाठलागात अवजड तोफा मागे पडल्या, रसद तुटली आणि पालखेडला पाण्यावाचून निजामाची फौज हतबल झाली. मार्च १७२८ मध्ये मुंगी-शेवगाव येथे त्याला तह करावा लागला. घोड्यांच्या टापांनी तोफांवर मिळविलेला हा विजय होता.

पुढील काळात मात्र युद्धाचे स्वरूप पालटत गेले. फ्रेंच आणि इंग्रज कंपन्यांनी कवायती पायदळ व त्याच्या जोडीला हलक्या मैदानी तोफा आणल्या. १७६० मध्ये उदगीर येथे निजामाविरुद्धच्या लढाईत इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्याने मोठी कामगिरी बजावली. पानिपतानंतर महादजी शिंदे यांनी या नव्या विद्येचे महत्त्व ओळखून १७८४ पासून द बॉईन या सेनानीकडून कवायती पलटणी उभारून घेतल्या. या पलटणींच्या समूहांस मराठी कागदपत्रांत 'कंपू' म्हणत. आग्रा येथे तोफा ओतण्याचा कारखाना काढण्यात आला. सँगस्टर नावाचा स्कॉटिश कारागीर त्याची देखरेख करीत असे. द बॉईननंतर पेरॉन या फ्रेंच सेनापतीकडे ही सूत्रे गेली. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याच्या लढाईत निजामाचा पाडाव झाला, त्या वेळी शिंद्यांच्या कंपूंनी आणि तोफांनी आपले सामर्थ्य सिद्ध केले होते.

सारांश, १८०३ साली दौलतराव शिंदे यांच्या सेवेत असलेला तोफखाना हा केवळ दिखाव्याचा लवाजमा नव्हता. हिंदुस्थानात ओतलेल्या, हिंदुस्थानी गोलंदाजांनी चालविलेल्या त्या तोफा युरोपातील कोणत्याही सैन्याच्या तोफांशी बरोबरी करू शकत होत्या. असईनंतर हाती आलेल्या तोफांची पाहणी करून खुद्द इंग्रज सेनापतीने त्या आपल्या सैन्यात वापरण्याजोग्या असल्याचा निर्वाळा दिला होता.

तोफ चालते कशी

दौलताबादच्या किल्ल्यावर चढून गेलेल्यांनी तेथील मेंढा तोफ पाहिली असेल. 'किल्लाशिकन' म्हणजे किल्ला फोडणारी, असे तिचे नाव तिच्यावर कोरलेले आहे. अशा तोफा बुरुजावर अथवा मोर्च्यावर एका जागी बसवावयाच्या असत. मैदानी तोफ ही त्याहून निराळी वस्तू होय. ती दोन चाकांच्या गाड्यावर बसविलेली असून बैल अथवा घोडे तिला ओढीत. तिचा गोळा सहा, नऊ किंवा बारा पौंड वजनाचा असे.

एका मैदानी तोफेभोवती कामे वाटून घेतलेले अनेक गोलंदाज लागत. एकाने ओल्या बोळ्याने नळी पुसावयाची, म्हणजे आत धुमसणारी ठिणगी विझे. दुसऱ्याने दारूची थैली आणि गोळा तोंडातून आत सरकवावयाचा, तिसऱ्याने ठासणीने तो ठासावयाचा, चौथ्याने तोफेच्या कानात बारीक दारू भरावयाची आणि पाचव्याने बत्ती द्यावयाची. बार उडाला की तोफ मागे हटे. ती पुन्हा पुढे ढकलून नेम धरावा लागे. उत्तम सराव झालेली तुकडी मिनिटास दोन बार काढीत असे.

लांबच्या माऱ्यासाठी भरीव लोखंडी गोळा वापरीत. तो जमिनीवर आपटून उसळ्या घेत पुढे जाई आणि रांगेत उभ्या असलेल्या माणसांना एकामागून एक आडवे करी. शत्रू काही शे पावलांवर आला की गोळ्याऐवजी छर्ऱ्यांचा डबा भरीत. तोंडातून बाहेर पडताच तो डबा फुटे आणि शेकडो छर्रे पंख्यासारखे पसरत. त्या काळच्या पायदळाची बंदूक शंभर पावलांपलीकडे भरवशाची नसे. म्हणजेच तोफेवर चालून जाणाऱ्या शिपायास बंदुकीच्या टप्प्यात येण्यापूर्वी गोळ्यांचा आणि मग छर्ऱ्यांचा असा दुहेरी मारा सोसावा लागे. असईच्या मैदानावर नेमके हेच घडले.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. शत्रूच्या हाती लागलेली तोफ निकामी करण्याचा साधा उपाय म्हणजे तिच्या कानात खिळा ठोकणे. खिळा ठोकला की बत्ती देता येत नाही. हे काम करण्यास विसर पडला अथवा सवड मिळाली नाही, तर तीच तोफ पुन्हा बोलू लागते. या बारीकशा तपशिलाने असईच्या लढाईत शेकडो प्राणांचे मोल घेतले.

युद्धाकडे नेणारी वाट

२५ ऑक्टोबर १८०२ रोजी पुण्याजवळ हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकर यांनी पेशवे आणि शिंदे यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. दुसरे बाजीराव पुणे सोडून वसईस गेले आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीशी तह केला. या तहाने पेशव्यांनी कंपनीची तैनाती फौज स्वीकारली. मे १८०३ मध्ये कंपनीच्या संगिनींच्या आश्रयाने ते पुन्हा पुण्याच्या गादीवर बसले. दौलतराव शिंदे आणि नागपूरचे दुसरे रघूजी भोसले यांना हा तह मान्य होण्यासारखा नव्हता. यशवंतराव होळकर मात्र या वेळी तटस्थ राहिले. ज्यांनी एकत्र यावयास हवे होते ते तीन सरदार एकत्र आले नाहीत, हे या युद्धाचे पहिले दुर्दैव होय.

ऑगस्ट १८०३ मध्ये युद्धास तोंड फुटले. कंपनीच्या दख्खनमधील फौजेचा सेनापती आर्थर वेलस्ली हा त्या वेळी चौतीस वर्षांचा होता. त्याचा वडील बंधू कंपनीचा गव्हर्नर जनरल होता. ८ ऑगस्ट रोजी वेलस्लीने अहमदनगरची पेठ घेतली, १२ ऑगस्ट रोजी तेथील किल्ला शरण आला. गोदावरी ओलांडून २९ ऑगस्ट रोजी तो औरंगाबादेस पोहोचला. शिंद्यांच्या छावणीत वकील म्हणून राहिलेला कर्नल कॉलिन्स तेथे मुक्कामास होता. शिंद्यांच्या घोडदळाची फारशी तमा बाळगू नये, परंतु पायदळ आणि तोफा यांना कमी लेखू नये, असा इशारा त्याने वेलस्लीला दिल्याचे सांगतात. तो ऐकून वेलस्लीच्या सोबतचे अधिकारी हसले होते.

शिंदे-भोसल्यांचे घोडदळ अजिंठ्याच्या घाटाने निजामाच्या मुलखात शिरले होते. सुमारे तीन आठवडे दोन्ही फौजा एकमेकींचा माग काढीत फिरत राहिल्या. वेलस्लीने आपल्या हालचालींची बैठक बैलांवर उभारली होती. म्हैसूरकडील उमदे ओढीचे बैल तोफा ओढीत, तर लमाणांचे तांडे धान्याच्या गोण्या वाहून आणीत. भर पावसाळ्यात नद्या ओलांडण्यासाठी त्याने कातड्याने मढविलेल्या गोल होड्या तयार करून घेतल्या होत्या. युद्धाचा निकाल रणांगणावर लागतो हे खरे. पण तेथवर पोहोचण्याचे सामर्थ्य धान्य, चारा आणि जनावरे यांतून येते.

२१ सप्टेंबर रोजी बदनापूर येथे वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांची भेट झाली. दोन निरनिराळ्या वाटांनी जाऊन २४ तारखेस भोकरदनजवळ मराठ्यांवर एकत्र हल्ला करावयाचा, असे ठरले. परंतु २३ तारखेस सुमारे बावीस किलोमीटरची मजल मारून वेलस्ली नळणी येथे आला, तेव्हा त्याला बातमी लागली की मराठ्यांची सारी फौज आठ-दहा किलोमीटरच्या अंतरावर केळणेच्या पलीकडे तळ देऊन आहे. स्टीव्हन्सन दूर होता. थांबावे तर शत्रू निसटण्याची वा आपल्यावरच चालून येण्याची भीती. वेलस्लीने त्याच दिवशी लढण्याचा निर्णय घेतला.

केळणेचा उतार

मराठ्यांची फौज केळणेच्या उत्तर तीरावर भोकरदनपासून असईपर्यंत पसरलेली होती. तीस ते चाळीस हजार घोडदळ पश्चिमेस होते आणि पूर्वेस, असईच्या बाजूला, सुमारे अकरा हजार कवायती पायदळ व तोफखाना होता. पायदळाचे तीन कंपू होते. त्यांत पोलमन या जर्मन अधिकाऱ्याचा कंपू सर्वांत मोठा, दुसरा सरधन्याच्या बेगम समरूचा, सालर याच्या हाताखालचा, तिसरा द्युपाँचा. पायदळाचे एकंदर नेतृत्व पोलमनकडे होते. कंपनीकडे सुमारे साडेनऊ हजारांची फौज होती. त्यात स्कॉटलंडच्या दोन पलटणी आणि एक गोरे रिसालदळ सोडले तर बाकीचे शिपाई मद्रास इलाख्यातील होते. म्हैसूरचे आणि पेशव्यांचे घोडदळही कंपनीच्या बाजूने उभे होते.

समोरासमोर नदी ओलांडणे म्हणजे तोफांच्या तोंडी जाणे होते. वाटाड्यांनी दुसरा उतार नसल्याचे सांगितले. तेव्हा वेलस्लीने स्वतः पुढे जाऊन दुर्बिणीतून पाहिले. नदीच्या दोन्ही तीरांवर पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावे एकमेकांसमोर वसलेली त्याच्या दृष्टीस पडली. दोन गावे अशी समोरासमोर असली म्हणजे त्यांच्यामध्ये ये-जा असणार आणि ये-जा असेल तेथे उतार असलाच पाहिजे, असा तर्क त्याने केला. तो खरा ठरला. ज्या वाटेने गावकरी बाजाराला आणि सोयरिकीला जात, त्याच वाटेने एक परकी फौज नदीपार झाली. त्या उतारावर मराठ्यांचा पहारा नव्हता. चार तोफा आणि एखादी पलटण तेथे रोवलेली असती, तर पुढची हकीकत निराळी लिहावी लागली असती.

तीन तासांची झुंज

नदीपार झाल्यावर मराठ्यांच्या डाव्या बगलेवर घाला घालावयाचा, हा वेलस्लीचा बेत होता. बगल सापडल्यावर देशी फौज गोंधळून जाईल, असा त्याचा अंदाज होता. हा अंदाज मात्र साफ चुकला. पोलमनच्या पलटणींनी कवायतीच्या मैदानावरील शिस्तीने आपली सबंध रांग काटकोनात फिरविली. दक्षिणेकडे तोंड करून उभी असलेली फौज पाहता पाहता पूर्वाभिमुख झाली. तिची उजवी बाजू केळणेला आणि डावी असई गावाला टेकली. पुढे तोफांची ओळ उभी राहिली. दोन नद्यांमधील चिंचोळ्या पट्ट्यात आता बगल अशी उरलीच नाही.

तोफा सुरू झाल्या. कंपनीच्या सतरा तोफांनी उत्तर देण्याचा प्रयत्न केला, परंतु थोड्याच वेळात त्यांचे गोलंदाज आणि ओढीचे बैल मारले गेले. तोफा जागीच रुतल्या. वेलस्लीने त्या मागे ठेवून पायदळाला संगिनी रोखून पुढे जाण्याचा हुकूम दिला. डाव्या बाजूला केळणेच्या काठाने स्कॉटिश पलटण आणि तिच्या शेजारी मद्रासी पलटणी गोळ्यांच्या व छर्ऱ्यांच्या वर्षावातून तोफांपर्यंत पोहोचल्या. तोफांमागचे पायदळ हटले. गोलंदाज हटले नाहीत. ते आपल्या तोफांपाशीच संगिनींनी मारले गेले. त्यांच्या निष्ठेची साक्ष शत्रुपक्षाच्या लेखकांनीही दिली आहे.

असई गावाच्या बाजूला मात्र कंपनीवर अनर्थ ओढवला. उजव्या टोकाच्या तुकड्यांनी सरळ पुढे न जाता गावाकडे तिरकी चाल केली. गावात आणि गावाभोवती तोफा व पायदळ दबा धरून होते. ७४ व्या स्कॉटिश पलटणीची तेथे दाणादाण उडाली. उरलेल्या माणसांनी चौकोन करून, मेलेल्या सोबत्यांच्या देहांचा आडोसा घेऊन तग धरला. शेवटी कर्नल मॅक्सवेलच्या रिसाल्याने धाव घेतली म्हणून त्यांतील काहींचे प्राण वाचले. पुढे दुसऱ्या एका चढाईत मॅक्सवेल स्वतः ठार झाला.

इतक्यात आणखी एक चमत्कार घडला. जिंकलेल्या तोफा मागे टाकून कंपनीचे पायदळ पुढे गेले होते. त्यांच्या कानांत खिळे ठोकण्यात आले नव्हते. तोफांखाली मेल्याचे सोंग घेऊन पडून राहिलेले गोलंदाज उठले, त्यांनी तोफांची तोंडे फिरविली आणि शत्रूच्या पाठीवर मारा सुरू केला. त्या क्षणी लढाईचे पारडे खरोखरच वर-खाली होऊ लागले. वेलस्लीला एक पलटण आणि एक रिसाला घेऊन स्वतः मागे यावे लागले आणि त्याच तोफा पुन्हा एकदा जिंकाव्या लागल्या. या दिवसात त्याच्या अंगाखालचे दोन घोडे निकामी झाले.

अखेर पोलमनच्या पलटणी जुई नदीकडे हटल्या, तिच्या काठाशी त्यांनी पुन्हा एकदा फळी धरली आणि मग त्या नदीपार होऊन उत्तरेकडे निघून गेल्या. संध्याकाळी सहाच्या सुमारास तोफा थंडावल्या. पाठलाग करण्याचे त्राण विजेत्यांतही उरले नव्हते. स्टीव्हन्सनची तुकडी येऊन मिळाली ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी.

हिशेब

कंपनीचे ४२८ लोक ठार, ११३८ जखमी आणि १८ बेपत्ता झाले. उतरलेल्या लहानशा फौजेच्या मानाने ही हानी फार मोठी होती. मराठ्यांच्या बाजूचे मृत आणि जखमी मिळून सुमारे सहा हजार असावेत, असा अंदाज केला जातो. ९८ तोफा कंपनीच्या हाती पडल्या. जखमींना दौलताबादच्या किल्ल्यात ठेवण्याचा वेलस्लीचा विचार होता. परंतु तेथील किल्लेदाराने त्यांना आत घेण्याचे नाकारले, म्हणून अजिंठा गावी रुग्णालय उघडण्यात आले. अजिंठ्याच्या लेण्यांकडे इंग्रजांचे लक्ष जावयास त्यानंतर सोळा वर्षे लागली. ती १८१९ ची गोष्ट.

वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ मध्ये वॉटर्लू येथे त्याने नेपोलियनचा पराभव केला. तरीही आपली सर्वोत्तम लढाई कोणती, असे विचारता त्याने असईचे नाव घेतले, असे त्याच्या चरित्रांतून सांगितले जाते. ज्या गोलंदाजांमुळे ही लढाई त्याला इतकी अवघड गेली, त्यांची नावे मात्र प्रचलित इतिहासांत आढळत नाहीत.

पराभवाची कारणे

तोफा उत्तम, गोलंदाज कसलेले, पलटणी शिस्तीच्या. मग पराभव का झाला? गनिमी कावा सोडल्यामुळे मराठे हरले, असे एक उत्तर फार दिवसांपासून दिले जाते. ते सोपे आहे, पण पुरेसे नाही. असईच्या मैदानावर तोफखान्याने आपले काम चोख केले होते. उणीव होती ती तोफेच्या मागे उभ्या असणाऱ्या व्यवस्थेत.

पहिली उणीव नेतृत्वाची. दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले हे दोघेही लढाईचा निकाल लागण्यापूर्वीच रणभूमीवरून निघून गेले. ज्याच्यावर भार टाकला तो पोलमन पगारी सेनानी होता. युद्ध सुरू होताच कंपनीने शिंद्यांच्या सेवेतील युरोपीय अधिकाऱ्यांना नोकरी सोडून येण्याचे आवाहन केले आणि पुष्कळांनी ते मानले. खुद्द पेरॉनने उत्तरेत हेच केले. पोलमनही पुढे कंपनीच्या सेवेत गेला. फौज उभारणाऱ्यांनी शिपाई आपले घेतले, तोफा आपल्या ओतल्या. परंतु शिपाई आणि तोफा यांना हुकूम देणारी माणसे आपल्यातून घडविली नाहीत.

दुसरी उणीव सहकार्याची. तीस-चाळीस हजारांचे घोडदळ बहुतांशी बाजूला उभे राहून पाहत राहिले. स्कॉटिश पलटण असईपुढे कोसळली, गोलंदाजांनी तोफा फिरविल्या, त्या घटकेस हे घोडदळ कंपनीच्या थकलेल्या रांगांवर तुटून पडले असते तर पारडे फिरण्याचा संभव होता. पालखेडला घोडदळ होते, तोफा नव्हत्या. असईला दोन्ही होते, परंतु त्यांचा मेळ नव्हता.

तिसरी उणीव भूमीच्या ज्ञानाची. उतार कोठे आहे हे स्थानिक गावकऱ्यांस ठाऊक होते. परक्या सेनापतीने ते दोन गावांच्या ठेवणीवरून ओळखले. ज्यांचा तळ त्याच तीरावर होता त्यांनी त्याची दखल घेतली नाही.

त्यानंतर

२९ नोव्हेंबर १८०३ रोजी वऱ्हाडात अडगाव येथे आणि १५ डिसेंबर रोजी गाविलगडावर पुन्हा पराभव पत्करावा लागला. १७ डिसेंबर रोजी देवगाव येथे भोसल्यांनी आणि ३० डिसेंबर रोजी सुर्जी-अंजनगाव येथे शिंद्यांनी तह केले. शिंद्यांना गंगा-यमुनेचा दुआब, भडोच, अहमदनगर आणि अजिंठ्याच्या डोंगररांगांच्या दक्षिणेकडील मुलूख सोडावा लागला. भोसल्यांचा कटक प्रांत आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचे वऱ्हाड गेले. ज्या पेशव्यांचे घोडदळ असईत कंपनीच्या बाजूने उभे होते, त्या पेशवाईचाही १८१८ मध्ये अंत झाला.

सामान्य रयतेच्या वाट्याला याहून कठोर दिवस आले. फौजांच्या येण्या-जाण्याने शेते तुडविली गेली, गुरे आणि धान्य ओढून नेले गेले. त्यातच पावसाने दगा दिला. १८०३-०४ चा दुष्काळ दख्खनच्या अत्यंत भीषण दुष्काळांपैकी एक होता. लढाईतील मृतांचा आकडा सरकारी खलित्यात नोंदला जातो. भुकेने गेलेल्यांचा तसा हिशेब कोणी ठेवीत नाही.

जालना-औरंगाबादचा टापू यानंतर निजामाच्या अमलाखाली स्थिरावला आणि तेथील जनतेला स्वातंत्र्यासाठी १९४८ पर्यंत वाट पाहावी लागली. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याने हैदराबाद संस्थानात प्रवेश केला. सैन्याने केलेल्या या मोहिमेस 'पोलीस कारवाई' असे नाव पडले. मेजर जनरल ब्रार यांच्या तुकड्या औरंगाबादवर चालून आल्या, तेव्हा शहराच्या मुलकी प्रशासनाने शरणागती पत्करली. १७ सप्टेंबर रोजी निजामाने शस्त्रसंधी जाहीर केली. त्याच महिन्यात, जवळपास त्याच शिवारांतून, १४५ वर्षांपूर्वी परकी फौज गेली होती. या वेळी येणारी फौज स्वतंत्र देशाची होती आणि तिच्यापूर्वी येथील नागरिकांनी दीर्घ मुक्तिसंग्राम लढविला होता, हा फरक फार मोठा आहे.

स्मरण कशाचे

असईत लढलेल्या पलटणींना कंपनीने मानचिन्ह म्हणून हत्तीची मुद्रा दिली. मद्रास रेजिमेंटच्या परंपरेत हत्तीचे चिन्ह आजही आढळते. स्वातंत्र्यानंतर भारतीय सैन्याने मात्र एक विवेकी निर्णय घेतला. परकी सत्तेसाठी भारतीयांनी भारतीयांविरुद्ध मिळविलेले युद्धसन्मान साजरे करावयाचे नाहीत, असे ठरले. असईचा सन्मान त्यांपैकीच एक. मद्रासच्या शिपायाचे शौर्य आणि आग्र्याच्या तोफेमागे मेलेल्या गोलंदाजाचे शौर्य यांत उणे-अधिक ठरविता येणार नाही. परंतु दोघेही भारतीय होते आणि लाभ तिसऱ्याचाच झाला, याची जाणीव त्या निर्णयामागे आहे.

अजिंठा-वेरूळ पाहावयास येणारे हजारो प्रवासी असईपासून थोड्याच अंतरावरून जातात. शाळा-महाविद्यालयांच्या सहलींनी एखादा दिवस या शिवारासाठी राखून ठेवण्यास काहीच हरकत नाही. वरूड-पिंपळगावचा उतार, केळणा आणि जुई यांमधला चिंचोळा पट्टा, असई गावाची ठेवण हे सारे नकाशा हाती घेऊन पाहिले तर पुस्तकातील लढाई डोळ्यांपुढे उभी राहते. शस्त्र कितीही उत्तम असले तरी ते स्वतः लढत नाही. त्याच्यामागे ऐक्य, जबाबदार नेतृत्व आणि आपल्या भूमीची ओळख असावी लागते, हा धडा त्या काळ्या मातीत विद्यार्थ्यांना आपल्या डोळ्यांनी वाचता येईल. गावातील वडीलधाऱ्यांकडे पिढ्यान्पिढ्या चालत आलेल्या आठवणी, जमीन नांगरताना सापडलेले गोळे आणि शिवारातील जुनी स्थळनामे यांची पद्धतशीर नोंद करून ठेवणे, हे त्या निनावी गोलंदाजांविषयीचे आपले किमान कर्तव्य होय.